भुसा मैद्यासारखा नको, रव्यासारखा हवा: सीएनसी राऊटरचा फीड आणि आरपीएम कसा ठरवायचा

सोलापुरात सीएनसी राऊटरवर, म्हणजे संगणकाच्या हुकमाने फिरत्या बिटाने कापणाऱ्या-कोरणाऱ्या मशीनवर, येणारं काम एका जातीचं नसतं. सकाळी एमडीएफची जाळी, दुपारी मराठी, कन्नड नाहीतर तेलुगू अक्षरांचा ॲक्रिलिक बोर्ड, संध्याकाळी सागवानी देव्हाऱ्याचं दार. मशीन तेच, बिटही बहुतेक वेळा तेच. आकडेही तेच ठेवले की एमडीएफ करपतं, ॲक्रिलिक वितळून बिटाला गुंडाळतं आणि सागवानात बिट मोडतं. मशीन देणारा माणूस जाताना '१८ हजारावर ठेवा, फीड बघून घ्या' एवढंच सांगून जातो; १८ हजार हा आरपीएम, म्हणजे बिटाचे मिनिटाला फेरे, आणि फीड म्हणजे बिट मालातून पुढे सरकण्याचा वेग. त्यातलं 'बघून घ्या' म्हणजे नेमकं काय बघायचं, ते इथे सांगितलं आहे.

सगळा हिशोब एका आकड्यावर

बिटाची एक धार एका फेऱ्यात जेवढ्या जाडीचा पापुद्रा काढते, त्या जाडीला चिपलोड म्हणतात. हिशोब असा:

फीड = आरपीएम × धारांची संख्या × चिपलोड

६ एमएमचं दोन धारांचं बिट, १८,००० आरपीएम आणि ०.१५ एमएम चिपलोड धरला तर १८,००० × २ × ०.१५ = ५,४०० एमएम प्रति मिनिट. आता हेच बिट भीतीपोटी १,२०० फीडवर चालवलं तर? १,२०० भागिले ३६,००० म्हणजे ०.०३ एमएम. एवढा पातळ पापुद्रा धारेला नीट पकडता येत नाही. धार कितीही तीक्ष्ण दिसली तरी तिच्या टोकाला बारीक गोलाई असते. पापुद्रा त्या गोलाईच्या आसपास आला की धार कापायचं सोडून घासायला लागते.

घासलं की उष्णता तयार होते, आणि ती जाणार कुठे? जाड पापुद्रा उडताना उष्णता सोबत घेऊन जातो. पातळ भुसा ती नेत नाही, मग ती बिटात आणि लाकडात साठते. म्हणून लाकूड करपायला लागलं की नवशिक्या घाबरून फीड कमी करतो आणि ते आणखी करपतं. करपलं तर फीड वाढवायचा किंवा आरपीएम उतरवायचा. हाताला उलटं वाटतं, पण सवय हीच लावायची.

हिशोबाशिवाय ओळखायचं तर भुसा चिमटीत घेऊन चोळा. एमडीएफचा भुसा मैद्यासारखा लागला तर बिट घासतंय. बारीक रव्यासारखा कणीदार लागला तर कापतंय. सागवानाचा भुसा ओल्या खोबऱ्याच्या किसासारखा तुकड्या-तुकड्यांनी निघायला हवा. ॲल्युमिनियमच्या चकचकीत चकत्या पडायला हव्यात, राखाडी पूड नको.

एकक मात्र आधी तपासा. काही सॉफ्टवेअरमध्ये फीड एमएम प्रति सेकंदात भरायचा असतो, काहींत एमएम प्रति मिनिटात. ५० एमएम प्रति सेकंद म्हणजे ३,००० एमएम प्रति मिनिट. ही गफलत झाली तर फरक साठ पटींचा पडतो आणि एकतर काम संध्याकाळपर्यंत संपत नाही, नाहीतर पहिल्याच सेकंदाला बिट जातं.

आकड्यांआधी बिट आणि कोलेट

बाजारात बिट मागताना 'दोन सूत' म्हटलं तर १/४ इंची, म्हणजे ६.३५ एमएम दांड्याचं बिट हातात येतं. 'एक सूत' म्हणजे ३.१७५ एमएम. ६ एमएमच्या कोलेटात, म्हणजे बिटाचा दांडा आवळून धरणाऱ्या पकडीत, ६.३५चा दांडा ठोकून बसवू नका आणि ३ एमएमच्या कोलेटात ३.१७५चाही नको. दांडा आणि कोलेट यांचा माप जुळला नाही तर बिट मध्यावर फिरत नाही. बिट जितकं हलतं तितका भार एकाच धारेवर येतो. ०.०५ एमएमने हलणाऱ्या दोन धारांच्या बिटाला ०.०५ चिपलोड दिला, तर काम जवळजवळ एकच धार करते आणि दुसरी हवेत फिरते. मग तीच धार आधी बोथट होते आणि 'बिट खराब निघालं' अशी तक्रार दुकानात जाते.

कोलेट बसवायची पद्धत अशी. कोलेट आधी नटमध्ये 'टक' आवाज येईपर्यंत बसवा. मग नट स्पिंडलवर (बिट फिरवणाऱ्या मोटारीवर) हलका चढवा आणि शेवटी बिट घाला. कोलेट नुसतं स्पिंडलमध्ये टाकून वर नट फिरवला तर ते तिरकं बसतं. ईआर-२० कोलेटात दांडा किमान २० एमएम आत जायला हवा, पण गोल दांड्याच्या पुढचा खाचा असलेला भाग कोलेटात शिरू नये. प्रत्येक बिट बदलताना कोलेट ब्रशने साफ करा, आत अडकलेल्या एमडीएफच्या बारीक पुडीनेही बिट तिरकं होतं.

बिट बाहेर जितकं कमी राहील तितकं चांगलं. बिटाचं वाकणं बाहेर राहिलेल्या लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. २५ एमएमऐवजी ३७ एमएम बाहेर ठेवलं तर तेवढ्याच जोराला ते सव्वातीन पट वाकतं. जाडीचा परिणाम याहून मोठा आहे. ६ एमएमऐवजी ३ एमएमचं बिट घेतलं तर वाकणं सोळा पट. म्हणून १८ एमएम प्लाय ३ एमएम बिटाने कापायचा हट्ट धरू नका, डिझाइनमधली कोपऱ्याची गोलाई वाढवा.

सुरुवात कुठून करायची

चिपलोड बिटाच्या जाडीच्या टक्क्यात लक्षात ठेवला की तक्ते पाठ करावे लागत नाहीत:

एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड: बिटाच्या जाडीच्या २ ते ४ टक्के. ६ एमएम बिटाला ०.१२ ते ०.२४.
प्लायवुड: २ ते ३ टक्के.
सागवान, शिसव, बाभूळ: १.५ ते २.५ टक्के. बाभळीला खालचाच आकडा.
ॲक्रिलिक: १.५ ते २.५ टक्के, एका धारेचं बिट.
ॲल्युमिनियम: ०.५ ते १ टक्का, तेही एका धारेने.

हे पहिल्या कापाचे आकडे आहेत. हलक्या फ्रेमच्या मशीनवर खालचं टोक घ्या, जड लोखंडी बेड असेल तर वर जा.

सागवानाबद्दल थोडं जास्त. त्यात सिलिका असते, म्हणून धार एमडीएफपेक्षा लवकर मरते. नव्या बिटाने सकाळी छान निघालेला काप दुपारी करपायला लागला तर आकडे बिघडले असं समजू नका, बिट बोथट झालेलं असतं. धारेवर नख अलगद घासून बघा. नखाचा कीस निघाला नाही तर बिट बदला.

आरपीएम कसा निवडायचा

नेहमीच्या स्पिंडलचा वरचा वेग २४,००० आरपीएम, ४०० हर्ट्झवर. व्हीएफडीवर, म्हणजे स्पिंडलचा वेग ठरवणाऱ्या ड्राइव्हवर, हर्ट्झ दिसत असतील तर ६०ने गुणा. ३०० हर्ट्झ म्हणजे १८,०००, २०० म्हणजे १२,०००. व्हीएफडी मोटारला ठरावीक टॉर्क देतो, त्यामुळे वेग निम्मा केला की ताकदही साधारण निम्मी होते. २.२ किलोवॅटच्या स्पिंडलकडून १२,००० वर १.१ किलोवॅटच्या आसपासच मिळतं. फार खाली, ८,००० च्याही खाली गेलात तर दम उरत नाही, आणि हवेने थंड होणाऱ्या स्पिंडलचा पंखाही हळू फिरतो.

६ एमएमपर्यंतच्या बिटांना लाकडात १६,००० ते १८,००० ठीक. बेड सपाट करायला लागणाऱ्या ३५-४० एमएमच्या मोठ्या बिटाला मात्र १०,००० ते १२,००० पुरे. ४० एमएमचं बिट १८,००० वर फिरवलं की त्याच्या कडेचा वेग सेकंदाला साडेसदतीस मीटरच्या पुढे जातो. बिटावर कमाल आरपीएम छापलेला असेल तर तो शेवटचा शब्द, त्याच्यापुढे जायचं नाही.

मशीनचा फीडच मर्यादित असेल तर हिशोब उलटा करा. मशीन ३,००० च्या वर थरथरतं आणि एमडीएफला ०.१२ चिपलोड हवा आहे. ३,००० भागिले (२ × ०.१२) = १२,५००. तेवढाच आरपीएम ठेवा. किंवा दोन धारांऐवजी एका धारेचं बिट लावा, तेवढ्याच फीडमध्ये चिपलोड दुप्पट होतो. हलक्या मशीनवर एका धारेचं बिट हा सर्वात स्वस्त इलाज आहे आणि लोक तो सर्वात शेवटी करतात.

किती खोल, किती रुंद

एमडीएफ आणि प्लायमध्ये एका पासात, म्हणजे एका खेपेत, बिटाच्या जाडीएवढी खोली, कठीण लाकडात आणि ॲक्रिलिकमध्ये अर्धी, ॲल्युमिनियममध्ये दहावा ते पाचवा भाग. खोली जाडीच्या दुप्पट केली तर चिपलोड २५ टक्क्यांनी उतरवा, तिप्पट केली तर निम्मा करा.

१८ एमएम प्लाय आधी व्हर्नियरने मोजा. शीटवर १८ लिहिलेलं असतं, प्रत्यक्षात ते बऱ्याचदा कमी भरतं. समजा १७.५ भरलं. तर ६, ६ आणि ५.८, असे तीन पास. शेवटचा पास खालच्या बोर्डात ०.३ उतरतो. कॉम्प्रेशन बिट (खालचा भाग भुसा वर खेचतो, वरचा खाली दाबतो) वापरत असाल तर पहिला पास त्याच्या वर खेचणाऱ्या भागापेक्षा खोल असायलाच हवा. २ एमएमचा पहिला पास घेतला की वरचा सनमायका दातरतो, आणि महागडं बिट घेऊन साध्या बिटाहून वाईट कड मिळते.

खाली उतरतानाचा फीड, म्हणजे प्लंज, लाकडात मुख्य फीडच्या चौथ्या हिश्शाएवढा ठेवा. शक्य असेल तिथे सरळ उतरूच नका, ३ ते ५ अंशांचा रॅम्प (तिरका उतार) द्या. सरळ उतरताना भुसा बाहेर यायला जागा नसते, म्हणून बरेचदा प्रत्येक कापाच्या सुरुवातीलाच एक काळा ठिपका दिसतो.

खिसा, म्हणजे आतला खोलगट भाग, पोकळ करताना बिट पूर्ण रुंदीने कापत नसेल तर पापुद्रा हिशोबापेक्षा पातळ निघतो. स्टेपओव्हर, म्हणजे दर खेपेला बिट बाजूला सरकतं ते अंतर, बिटाच्या जाडीच्या निम्म्यापेक्षा जितका कमी, तितका पातळ. १० टक्के स्टेपओव्हरला पापुद्र्याची जास्तीत जास्त जाडी ठरवलेल्या चिपलोडच्या ६० टक्केच राहते. तिथे फीड दीडपट करायला हरकत नाही.

चाचणीचा तुकडा

त्याच मालाचा ४०० एमएम लांब टाकाऊ तुकडा बेडवर घट्ट बांधा. सैल तुकड्यावरच्या चाचणीला अर्थ नाही, तिथे थरथर मालाची असते आणि दोष आकड्यांना लागतो.

१. ६ एमएम बिट, १८,००० आरपीएम, ३ एमएम खोली ठरवा. पूर्ण चाचणीत हे बदलायचं नाही.
२. ३०० एमएम लांबीचे पाच सरळ खाचे काढा. फीड अनुक्रमे १,५००, २,५००, ३,५००, ४,५००, ५,५००. मशीनला वेग घ्यायला आणि सोडायला अंतर लागतं, म्हणून खाचा लांब हवा.
३. प्रत्येक खाच्याचा भुसा वेगळा उचला, कड बोटाने तपासा, व्हर्नियरने रुंदी मोजा.
४. स्पिंडल पूर्ण थांबल्यावर बिटाजवळ हात नेऊन अंदाज घ्या. कोमट असेल तर ठीक, चटका बसेल असं वाटलं तर घासतंय.

खाचा ६ एमएमच्या बिटाने ६.२ किंवा ६.३ रुंद झाला तर बिट हलतंय किंवा वाकतंय. फीड वाढवताना रुंदी अचानक वाढली की त्याच्या आधीचा आकडा तुमच्या मशीनची हद्द. त्याच्या ८० टक्क्यांवर रोजचं काम करा. आवाजही ऐका: एकसारखी घरघर चांगली, शिट्टीसारखा कर्कश आवाज घासण्याचा, आणि खडखड म्हणजे मशीन किंवा माल सैल आहे.

व्हीएफडीच्या डिस्प्लेवर अँपिअर दिसतात. स्पिंडलच्या पट्टीवर लिहिलेल्या अँपिअरच्या ७०-८० टक्क्यांच्या पुढे कायम जात असेल तर खोली कमी करा, फीड नाही.

थ्रीडी कोरीवकामात आकडे का खोटे पडतात

विठ्ठल-रखुमाईचं पॅनल घ्या. प्रोग्राममध्ये फीड ६,००० लिहिला, हँडलवरही (हातातल्या कंट्रोलरवर) ६,००० दिसतं. पण मुकुटाच्या नक्षीत मशीन दर दोन-दोन एमएमवर दिशा बदलतं. मशीनचं ॲक्सिलरेशन ३०० एमएम प्रति सेकंद वर्ग असेल, तर थांबून सुरू होत दोन एमएम जाताना त्याला जास्तीत जास्त साधारण २४ एमएम प्रति सेकंद वेग गाठता येतो, म्हणजे १,५०० च्या आसपास. २४,००० आरपीएमवर दोन धारांचा चिपलोड तिथे ०.०३ वर येतो. लोक म्हणतात मुकुट आणि चेहरा करपला, पाठीमागचा सपाट भाग मात्र स्वच्छ आला. कारण हेच.

उपाय दोन. आरपीएम १४,०००-१५,००० वर आणा, किंवा टूलपाथ (बिटाचा मार्ग) बनवताना वळणं मऊ करा. ॲक्सिलरेशन वाढवूनही होतं, पण हलक्या गॅन्ट्रीला (स्पिंडल वाहून नेणाऱ्या आडव्या पुलाला) ते सोसत नाही, स्टेप चुकतात आणि अर्धा चेहरा बाजूला सरकतो. हे जाता जाता सांगितलेलं नाही, सेटिंगमध्ये हात घालण्याआधी लक्षात ठेवा.

फिनिशिंगला गोल टोकाचं बॉल नोज बिट वापरताना स्टेपओव्हर जाडीच्या ८ ते १० टक्के पुरतो. ६ एमएम बॉल नोजला ०.५ एमएम स्टेपओव्हर दिला तर दोन रेषांमधला उंचवटा फक्त ०.०१ एमएम राहतो. बारीक पॉलिश पेपर एकदा फिरला की दिसतही नाही. ०.२ एमएम स्टेपओव्हर ठेवून अडीच पट वेळ घालवण्यात काही हशील नाही. निमुळत्या आर ०.५ (टोकाची त्रिज्या ०.५ एमएम) बिटाचं मात्र वेगळं गणित आहे, त्याचं टोकच १ एमएमचं, तिथे ०.१ वरच राहावं लागतं. बॉल नोजचं अगदी मधलं टोक फिरतं पण कापत नाही, कारण मध्यावर कडेचा वेग शून्य असतो. सपाट पार्श्वभूमी बॉल नोजने घासत बसू नका, ती सपाट बिटाने वेगळी काढा.

ॲक्रिलिक, एसीपी, ॲल्युमिनियम

ॲक्रिलिकसाठी ३.१७५ एमएमचं एका धारेचं बिट, १८,००० आरपीएम, फीड १,२०० ते १,३००, पासाची खोली दीड एमएम. कास्ट शीट घ्या. एक्सट्रुडेड शीट स्वस्त असते, पण लवकर मऊ होऊन बिटाला चिकटते. चिकटायला लागलं तर थांबा, बिट साफ करा, आरपीएम १४,००० करा आणि हवेचा फवारा बिटाच्या टोकावर धरा. फीड कमी करू नका. कडेला पांढरे धूसर पट्टे आले तर बिट बोथट किंवा सैल.

एसीपीची, म्हणजे दोन ॲल्युमिनियम पत्र्यांमध्ये प्लास्टिक असलेल्या शीटची, घडी घालायची असेल तर ९० अंशांचं व्ही बिट, टोक २-३ एमएम सपाट असलेलं. ४ एमएम शीटमध्ये खाली समोरचा पत्रा आणि त्यावर ०.३ एमएम प्लास्टिक उरलं पाहिजे. ०.५ एमएम पत्र्याच्या शीटला ३.२ एमएम खोली झाली. इथे फीडपेक्षा बेडची सपाटी जास्त छळते. बेड ०.३ एमएमने वर-खाली असेल तर एका टोकाला पत्रा चिरतो आणि दुसऱ्या टोकाला घडी बसत नाही. आधी बेड कापून सपाट करा, मग फीड ३,००० च्या आसपास ठेवून चालवा.

ॲल्युमिनियमला ६ एमएमचं एका धारेचं बिट, १८,०००, चिपलोड ०.०५, म्हणजे फीड ९००. खोली ०.५ ते १ एमएम. प्लंज शंभरच्या आसपास, रॅम्प हवाच. कटिंग ऑइलचे थेंब किंवा हलका फवारा द्या, आणि हवेने कण उडवत राहा. खाचात पडून राहिलेले कण पुन्हा कापले गेले की ते बिटाला वितळून चिकटतात आणि पुढच्याच क्षणी बिट मोडतं. तेलाचा फवारा चालू असताना डस्ट कलेक्टर लाकडाच्या भुशाचा वापरू नका.

डस्ट कलेक्टरची बॅग करपट वासाचं काम झाल्यावर लगेच बांधून ठेवू नका. जळका कण पिशवीतल्या भुशात तासभर धुमसत राहू शकतो. एमडीएफ कापताना साधा रुमाल पुरत नाही, एन-९५ मास्क घाला.

उन्हाळा आणि लाईट

एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा ४० च्या वर जातो आणि पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त. पाण्याने थंड होणाऱ्या स्पिंडलची वीस लिटरची बादली दुपारी एक वाजता आधीच तापलेली असते. टाकी मोठी घ्या, सावलीत ठेवा, भोवती ओलं पोतं गुंडाळा. आपल्या कोरड्या हवेत माठासारखं काम करतं. परतीच्या पाण्यात हात धरवत नसेल तर काम थांबवा. बोअरचं जड पाणी टाकू नका, आतल्या बारीक वाटेत क्षार साठतात आणि स्पिंडल वर्षभरात तापायला लागतं. डिस्टिल्ड वॉटर किंवा कूलंट घाला.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीसारख्या ठिकाणी शेजारी यंत्रमाग असतील तर ते एकदम सुरू होताना व्होल्टेज पडू शकतं आणि व्हीएफडी मध्येच बंद होतो. स्पिंडल थांबलं पण गॅन्ट्री चालूच राहिली तर बिट मोडणारच. व्हीएफडीचा फॉल्ट सिग्नल कंट्रोलरला जोडलेला आहे की नाही हे पहिल्याच दिवशी इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. लाईट जाऊन परत आली तर आधी झेड, म्हणजे वर-खालीचा अक्ष, वर उचला, बिट मालातून पूर्ण बाहेर काढा, मग होमिंग करा (मशीन शून्य जागेवर न्या). मालात रुतलेल्या बिटावर स्पिंडल सुरू करायचं नाही.

वहीत प्रत्येक कामाची एक ओळ लिहा: माल आणि त्याची प्रत्यक्ष जाडी, बिटाचा माप आणि धारा, आरपीएम, फीड, खोली, अँपिअर, भुसा कसा निघाला, आणि बिट किती मीटर कापल्यावर बदललं.